विषय क्रमांक सात: तहकूब

चाळीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाची एक अडचण असते. जे वहीत लिहायचं ते कुणाला वाचायचं नसतं, आणि जे सगळ्यांना ऐकायचं असतं ते वहीत लिहिता येत नाही. मग ते जातं कुठे? माझ्या डोक्यात! नऊ वर्षं झाली, घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या रहिवासी संघाची वही मी लिहिते. मी दादरच्या एका शाळेत मराठी शिकवते, म्हणजे माझं अक्षर चांगलं असणारच, असा चाळीचा समज. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

परवा सुट्टीत सहज म्हणून जुन्या वह्या काढून बसले. मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त वेळा मी 'मंजूर' लिहिलं असेल. कसलं काय! सगळ्यात जास्त वेळा लिहिलाय तो शब्द 'तहकूब'. सभा तहकूब, विषय तहकूब, चर्चा तहकूब. एका पानावर तर 'चहा तहकूब' आहे. त्या दिवशी गॅस संपला होता.

शब्दकोश उघडून बघितला. 'पुढे ढकललेले, स्थगित' एवढंच. घरात, दारात, बाजारात हा शब्द कोण वापरतं? पेपरात तेवढा दिसतो, सभागृहाचं कामकाज तहकूब झालं म्हणून. पण आमच्या चाळीत हा शब्द अगदी घरच्यासारखा नांदतो. तो इथे कसा आला, कसा रमला, आणि त्याचा नेमका अर्थ काय, हे शोधायला बसले आणि एकेक किस्सा आठवत गेला.

*

शब्द आणला पेडणेकरकाकांनी. आमचे अध्यक्ष. सगळी नोकरी कोर्टात कारकून म्हणून काढली. माणूस कोर्टातून रिटायर झाला, पण कोर्ट काही माणसातून रिटायर झालं नाही. राहतात तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूच्या खोलीत. वजन भरपूर, गुडघे दोन्ही कामातून गेलेले.

माझी पहिली मीटिंग. नोटिशीवर वेळ सकाळी दहा. नवी नवी हौस, मी पावणेदहालाच वही-पेन घेऊन हजर. खाली पॅसेजमध्ये तीस खुर्च्या मांडलेल्या. माणसं दोनच, मी आणि काका.

बरोबर दहा वाजता काका उठून उभे राहिले. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी घेण्यात येईल. तिला गणपूर्तीची आवश्यकता नाही." आणि खाली बसून पेपर वाचायला लागले.

साडेदहाला सगळी चाळ आली. पोटभर नाश्ता करून, केसांना तेल लावून, निवांत!

मी म्हटलं, "काका, सगळे साडेदहालाच येतात तर नोटिशीत साडेदहाच लिहू या ना!"

काकांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं. म्हणाले, "बाई, मग ते अकराला येतील!"

*

या पद्धतीत एकदाच घोळ झाला. त्या रविवारी अकराला क्रिकेटची फायनल होती. लोकांनी विचार केला, लवकर जाऊ, लवकर सुटू. दहाला पाच कमी असतानाच पॅसेज भरला! पंधराची गणपूर्ती, आणि माणसं आली सतरा.

काका घामाघूम. कारण नोटीस तशी छापलेली, वहीत पहिलं वाक्य 'गणपूर्तीअभावी' म्हणून मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं. आणि तहकूब न होता सभा चालवायची कशी, हे चाळीत कोणालाच माहीत नव्हतं. हिशोबाची फाइल साडेदहाला येणार, माइक साडेदहाला लागणार, चहासुद्धा साडेदहाला उकळणार.

शेवटी काका हात जोडून म्हणाले, "तिघं जण जरा कोपऱ्यापर्यंत फिरून या. माझ्यावर उपकार होतील."

तिघं गेले. सतरातून तीन वजा, चौदा. काका उठून उभे राहिले. "गणपूर्तीअभावी सभा तहकूब!"

चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या.

*

आता विषय क्रमांक सात सांगते, कारण तो मध्ये आल्याशिवाय 'तहकूब'चा अर्थ पुरा होत नाही.

तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाच्या खोलीत गावडेमावशी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. गिरण्या चालू होत्या तेव्हा मावशी खाणावळ चालवायच्या, ह्याच खोलीत. दहा बाय बाराच्या खोलीत एका पंगतीला वीस कामगार जेवायचे, पंगत उठली की दुसरी बसायची. सकाळच्या पाळीचे, दुपारच्या पाळीचे. मावशींना चाळीसेक माणसांच्या आवडीनिवडी पाठ. कुणाला सोलकढी हवी, कुणाला भाताची खरवड हवी. गिरण्या गेल्या, पंगती गेल्या. शेजारच्या दोन खोल्यांतले लोक डोंबिवलीला आणि विरारला गेले, दारांना कुलपं. तीन वर्षांपूर्वी मावशींच्या खुब्याचं हाड मोडलं आणि जिना बंद झाला. मुलगी विद्या लालबागला औषधांच्या दुकानात कामाला. सकाळी नऊला जाते ती संध्याकाळी सात-साडेसातला येते. मधले दहा तास मावशी, खुर्ची आणि गॅलरीचा कठडा.

विद्याने अर्ज दिला. तळमजल्यावर तीन नंबरची खोली संघाच्या ताब्यात आहे. तिच्यात गणपती उत्सवाचं सामान ठेवतात. मखर, कनाती, बांबू, दोन स्पीकर. अर्जात म्हटलं होतं की अदलाबदल करा, सामान वर ठेवा, आईला खाली येऊ द्या. साधा अर्ज होता. मीच लिहून दिला होता.

मावशींचं म्हणणं त्याहून साधं. मला एकदा म्हणाल्या, "माका खाली बाजार करूचो नाय गो. माका ओट्यार बसाक व्हया. माणसां दिसतली. हय पायांचे आवाज येतत, पण दुसऱ्या माळ्यार थांबतत."

दुसऱ्या माळ्यावर थांबणाऱ्या पायांत माझे पण पाय होते. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. वर जायला अठरा पायऱ्या. वर्षातून किती वेळा चढले असेन, विचारू नका.

*

तर तो अर्ज विषय क्रमांक सात म्हणून लागला. आणि रविवारच्या मीटिंगमध्ये सातव्या विषयापर्यंत कोणी पोचत नाही. त्याचं कारण कुकर!

आमच्याकडे रविवारी घरोघरी मटण किंवा कोंबडी. सव्वाबाराच्या सुमारास शिट्ट्या सुरू होतात. पहिली शिट्टी झाली की माणसं खुर्चीत सरळ होतात. दुसरीला मान घराकडे वळते. तिसरी शिट्टी झाली की काका घड्याळ न बघता म्हणतात, "उर्वरित विषय तहकूब!"

पाण्याची टाकी, कचऱ्याचे डबे, जिन्यातली लाइट, पार्किंगची भांडणं, कबुतरं, गच्चीची चावी. हे सहा विषय कधीच संपत नाहीत. आणि सातवा कधीच सुरू होत नाही.

एकदा विद्या सगळ्यांच्या आधी बोलायला उठली. म्हणाली, "आज सातवा विषय पहिला घ्या."

उत्सव समितीचा चव्हाण म्हणाला, "घेऊ की. पण विद्याताई, सामानाचं काय? मखर तीन जिने दर वर्षी कोण चढवणार? बांबू वळत नाहीत ओ जिन्यात!"

विद्या म्हणाली, "म्हणजे मखराला जिना जमत नाही म्हणून माझ्या आईने वर बसायचं?"

चव्हाणने मान खाली घातली. आणि तेवढ्यात कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. माझ्याच घरात झाली. मला इतकी लाज वाटली की काय सांगू! तरी वहीत मी लिहिलंच, 'विषय क्रमांक सात पुढील सभेपर्यंत तहकूब.'

*

मधल्या काळात शब्द मीटिंगमधून निघून घरांत शिरला होता. पहिल्यांदा लक्षात आलं ते पहिल्या मजल्यावरच्या सावंतवहिनींमुळे. संकष्टी होती हे त्या विसरल्या आणि नेहमीची कोळीण दारात आली. टोपलीत ताजे बांगडे. वहिनींचा हात टोपलीपर्यंत गेला आणि सासूबाई आतून ओरडल्या. वहिनींनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "आज तहकूब गं बाई. उद्या ये."

कोळणीने टोपली डोक्यावर घेतली. म्हणाली, "बाय, तुम्ही थांबाल. बांगडा थांबल काय?"

मी तिथेच उभी होते, हातात दुधाची पिशवी. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. कोशात दिलेलाच नाही! तहकूब करायचं तर ती वस्तू थांबणारी पाहिजे. सभा थांबते, ठराव थांबतो, कबुतरांचा प्रश्न तर पिढ्यान्‌पिढ्या थांबतो. पण सगळंच काही थांबत नाही. मी संध्याकाळी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बाई, कोळणीचं म्हणणं कायद्याला धरून आहे."

*

नववीच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिला. अर्थ सांगितला आणि म्हटलं, वाक्यात उपयोग करा. बहुतेकांनी पावसामुळे सामना तहकूब केला, शाळेची सहल तहकूब झाली. एकदम सेफ.

एका मुलीने लिहिलं होतं, 'मी बालवाडीत असताना बाबांनी राणीची बाग तहकूब केली. आता मी नववीत आहे.'

पूर्ण मार्क दिले! पण मनात एक किडा वळवळायला लागला. हे खरंच तहकूब आहे का? का रद्द आहे? का नुसतंच पेंडिंग? वही घेऊन सरळ काकांकडे गेले.

काकांनी वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "मार्क काप."

"का?"

"बघ, रद्द म्हणजे संपलं. पेंडिंग म्हणजे पडलंय, धूळ खातंय, कुणाच्या बापाचं काही जात नाही. तहकूब तसं नाही. तहकूब करताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात. तारीख, जागा, वेळ. तीस वर्षं हेच केलं मी. अशिलाला निकाल नाही मिळाला तरी तारीख मिळायची. माणूस त्या तारखेवर जगतो, बाई! तारीख दिली नाही तर ते तहकूब नव्हे, ती फसवणूक."

मी म्हटलं, "काका, मग विषय क्रमांक सातला तारीख कुठे देतो आपण? 'पुढील सभेपर्यंत' एवढंच लिहितो."

काकांनी चष्मा परत घातला. म्हणाले, "तुझा चहा गार होतोय."

*

काकांच्या भाषेने एक लग्न मोडता मोडता राहिलं तेही सांगते. उत्सव समितीचा चव्हाण मघाशी आला ना, त्याचा मुलगा नितीन. मुलगी परळची. साखरपुडा ठरला आणि आठ दिवस आधी गावाला चुलत आजोबा गेले. सुतक आलं. आता मुलीकडच्यांना कळवायचं तर फोन करायचा आणि सांगायचं, बस! पण काका म्हणाले, "तोंडी निरोपाला काही अर्थ नसतो. मी मसुदा करून देतो."

काकांनी मसुदा केला. नितीनच्या वडिलांनी त्याचा फोटो काढून, न वाचता, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. मजकूर असा होता. 'विषयांकित साखरपुडा सुतकाच्या कारणास्तव तहकूब करण्यात येत असून, उभय पक्षांनी पुढील तारखेस हजर राहावे. कोणताही पक्ष गैरहजर राहिल्यास एकतर्फी कार्यवाही करण्यात येईल.'

तासाभरात मुलीचे वडील चाळीत. सोबत वकील! वकिलाच्या हातात त्या फोटोची प्रिंट. चव्हाण पाया पडायचा बाकी. सगळा उलगडा व्हायला दोन राउंड चहा गेला, आणि वकील आणि काका यांची मात्र फार छान ओळख निघाली.

पण त्या आधी, पत्र मिळाल्या मिळाल्या, मुलीने नितीनला फोन केला होता. अजिबात चिडलेली नव्हती. फक्त तिला जाणून घ्यायचं होतं.

"ए, एकतर्फी साखरपुडा कसा करतात रे?"

*

मावशी तीन वर्षांत एकदाच खाली उतरल्या. मोतीबिंदूची तपासणी होती, भायखळ्याला. चौघांनी खुर्चीत बसवून उतरवायचं ठरलं. नितीन, चव्हाण आणि आणखी दोघं. डॉक्टरांची वेळ अकराची, म्हणून दहालाच निघाले.

दुसऱ्या मजल्यावर खुर्ची आली आणि मावशींनी हात वर केला. "थांबा रे बाबांनो. हयसर ठेवा माका."

चौघांना वाटलं, दुखतंय काहीतरी. खुर्ची ठेवली. मावशी वळून माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "काय गो, बरी आसस? झिलाचा लग्न झाला?"

झील म्हणजे मुलगा; तेव्हा झिलाचं लग्न म्हणजे माझं लग्न. होऊन सोळा वर्षं झाली होती, आणि मावशींना ते माहीतही होतं! पण सासूबाई बाहेर आल्या, पाट घेऊन बसल्या. शेजारच्या आल्या. चौघं जण कठड्याला टेकून उभे. वीस मिनिटांनी खुर्ची उचलली. पहिल्या मजल्यावर परत हात वर! सावंतवहिनींची विचारपूस, सावंतवहिनींच्या सासूची विचारपूस, त्यांनी केलेल्या आंबोळ्या. तळमजल्यावर पेडणेकरकाका भेटले. मावशींना काका आठवत होते ते हाफ पॅन्टमधले. तसं त्यांनी चारचौघांत सांगितलंसुद्धा.

ओट्यावर खुर्ची आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. विद्या दवाखान्यात फोन करत होती, रडकुंडीला आली होती. तिकडून सांगितलं, आजची अपॉइंटमेंट गेली, पुढच्या आठवड्यात या.

विद्या म्हणाली, "आई, गेली अपॉइंटमेंट."

मावशी ओट्यावर टेकल्या होत्या. समोरून भाजीवाला चालला होता, बायका नळाची चर्चा करत होत्या, कोणीतरी स्कूटर पुसत होतं. त्या सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "जाऊ दे गो. माका बरा दिसता."

*

आता शेवटचं. हे गेल्या महिन्यातलं.

मीटिंग नेहमीसारखी. कबुतरांवर पाऊण तास गेला. कुकर वाजले. काका म्हणाले, "उर्वरित विषय तहकूब."

विद्या नेहमी निदान उठून उभी तरी राहायची. त्या दिवशी तिने पर्स उचलली आणि जिना चढायला लागली. तिच्या पाठीकडे बघवेना. माझ्यातली मराठीची बाई तिथे जागी झाली की माणूस जागा झाला, मला माहीत नाही. मी पेन खाली ठेवलं.

"काका, तारीख?"

"काय?"

"तहकूब करताय ना? तारीख सांगा. नाहीतर ती फसवणूक, असं तुम्हीच म्हणालात."

लोक अर्धे उठले होते, ते तसेच थांबले. काकांनी इकडेतिकडे बघितलं. म्हणाले, "पुढचा रविवार."

"वेळ?"

"साडेदहा."

"जागा?"

काकांच्या घरातून चौथी शिट्टी झाली. "अगं जागा काय जागा, नेहमी आहे तीच. तू लिही ना काय ते, मी सही करतो!"

मी लिहिलं. नऊ वर्षांत काकांनी माझं एकही पान वाचून सही केलेली नाही. त्या दिवशीही नाही केली.

सोमवारी सकाळी नोटीस फलकावर लागली. 'विषय क्रमांक सातसाठी तहकूब सभा रविवारी सकाळी साडेदहा वाजता, तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत, श्रीमती गावडे यांच्या दारासमोर घेण्यात येईल. तिला गणपूर्तीची आवश्यकता नाही.' खाली अध्यक्षांची सही आणि संघाचा शिक्का.

काका माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. चव्हाण म्हणाला, "बाई, हे चीटिंग आहे ओ!" पण नोटीस बदलता येईना. सहीची नोटीस बदलायची तर सभा घ्यावी लागते, आणि सभा तर वरच होती!

रविवारी साडेदहाला चाळ जिना चढायला लागली. जे तिसऱ्या मजल्यावर दहा-दहा वर्षांत गेले नव्हते तेही निघाले, निदान काय होतं ते बघायला तरी. सगळ्यात शेवटी काका. प्रत्येक माळ्यावर थांबत, कठड्याला धरत. नितीन मागून हात लावून होता. दुसऱ्या मजल्यावर काका माझ्या दाराशी बसले, पाणी प्यायले. मला बघून म्हणाले, "उरल्या किती?"

"अठरा."

"हं." आणि उठले.

वर जाऊन बघतो तर गॅलरीभर चटया आणि पाट मांडलेले. खाणावळीच्या वेळचे, काळे पडलेले लाकडी पाट. मावशी इरकली नऊवारी नेसून दारात खुर्चीवर बसल्या होत्या. विद्याने सकाळपासून मोठ्या टोपात चहा उकळत ठेवला होता. मावशी एकेकाला बघून म्हणत होत्या, "इलास? येवा, बसा. तू खंयचो? सावंताचो काय? दिसतसच तसो." बत्तीस माणसं झाली. मी मोजली, मोजायची गरज नसताना मोजली.

काका शेवटच्या पाटावर बसले. दम लागला होता. गॅलरीच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत बघितलं. दोन कुलपं बघितली. मावशींची खुर्ची बघितली, कठड्याच्या ज्या भागाला हात लागून रंग गेला होता तो बघितला.

मग म्हणाले, "चर्चा नको. विषय क्रमांक सात. मखर आम्ही वर चढवू. बांबू लागले तर कापू. खोली गावडेमावशींना. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर. चव्हाणने दोन्ही हात वर केले! विद्या खांबाला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती हसत होती. मी वहीत 'सर्वानुमते' लिहायला घेतलं.

"थांब गो नीलम," मावशी मला म्हणाल्या. "माझो हात खाली आसा."

"आई!" विद्या म्हणाली. "अगं, तीन वर्षं भांडतेय मी ह्याच्यासाठी!"

मावशींनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या पाटांवर बसलेल्या माणसांकडे बघत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यांच्या हातात कप. सावंतांचा नातू बिस्किट बुडवत होता. कुणीतरी सासूबाईंना सरकून जागा करून देत होतं.

"अध्यक्षानू," मावशी म्हणाल्या, "ह्यो विषय तहकूब करा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. मग काकांनी, आयुष्यभर विचारत आलेल्या सवयीने, विचारलं, "तारीख?"

"पुढच्या म्हयन्यात. पयल्या आयतवारी."

"जागा?"

"हयसरच."

"वेळ?"

मावशींनी गॅलरीकडे एकदा पुरती नजर फिरवली.

"चायच्या टायमाक. आणि मगे जेवणार किती, ता आधी सांगा."